राजाची अंडी थांबेनात: नर नसताना पुन्हा पुन्हा अंडी घालणारी कॉकटील

आमच्या राजानं, म्हणजे कॉकटील जातीच्या तुरेवाल्या छोट्या पोपटानं, पहिलं अंडं घातलं तेव्हा घरात सगळ्यांना कळलं की राजा मादी आहे. चार महिन्यांचं पिल्लू आणलं तेव्हा दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता, ‘नर आहे ताई, मस्त शिट्ट्या मारेल.’ त्या वयात राखाडी कॉकटीलमधला नर-मादी फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही, हे नंतर समजलं. पहिली पिसं झडून नवी आली की नराचा चेहरा पिवळाधमक होतो आणि शेपटीखालचे पट्टे जातात, मादीचे पट्टे राहतात. राजाचे राहिले. नाव मात्र तोवर तोंडात बसलं होतं, त्यामुळे आमच्याकडे ‘राजा अंड्यावर बसलीय’ हे वाक्य व्याकरणशुद्ध मानलं जातं.

पहिल्या अंड्याचं कौतुक झालं, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो गेले. मग पुढच्या अकरा महिन्यांत तिनं चार खेपांत २२ अंडी घातली. पाच, सात, सहा आणि चार. एक अंडं साधारण ५ ग्रॅमचं धरलं तर ११० ग्रॅम झाले, आणि राजाचं स्वतःचं वजन होतं ९२ ग्रॅम. चौथ्या खेपेला ती अंडं अडकून मरता मरता वाचली. तेव्हा हा प्रश्न मुळापासून सोडवायचा असं ठरवलं.

ज्यांची कॉकटील, बजी (बजरीगर) किंवा लव्हबर्ड एकटी असूनही दर दोन-तीन महिन्यांनी अंड्यांवर बसते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. (आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते बहुतेक वेळा बजीच असतात. उपाय दोघांनाही लागू पडतात.) झाडावरचा आपला हिरवा पोपट यात नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो घरात पाळताच येत नाही.

आधी मनातला एक गैरसमज काढते. नर नसेल तर अंडं कसं येतं, हा प्रश्न मला वॉचमनपासून मावशीपर्यंत सगळ्यांनी विचारला. कोंबडीचं येतं तसंच येतं. अंडं तयार व्हायला नर लागत नाही, त्यातून पिल्लू निघायला लागतो. तेव्हा ‘बिचारीला जोडीदार आणा, म्हणजे थांबेल’ हा सल्ला साफ उलटा आहे. दुकानदारानं मलाही तो दिला होता, सोबत नराचा भावही सांगितला होता. जोडीदार आला की अंडी थांबत नाहीत, वाढतात, आणि मग पिल्लंही होतात.

मी काय काय चुकले

पहिल्या खेपेची पाच अंडी पूर्ण झाली त्याच दिवशी मी उचलून टाकली. पाच आठवड्यांत दुसरी खेप सुरू झाली. या वेळी आणखी शहाणपणा केला आणि अंडं दिसलं की लगेच काढायला लागले. कॉकटील साधारण एक दिवसाआड अंडं घालते. मी एक काढलं की ती एक घालायची. सात झाली.

हे पाहून माझ्या सासूबाई हसल्या. त्यांचं लहानपण रत्नागिरीकडच्या गावात कोंबड्यांमध्ये गेलेलं. म्हणाल्या, ‘अगं, आम्ही कोंबडीची अंडी रोज का काढायचो? तिनं अजून घालावीत म्हणून. काढली नाहीत तर ती खुडूक बसते आणि घालायची थांबते. तू तर हिला अंड्यांसाठी पाळल्यासारखं करत्येस.’

इतकं साधं होतं. पक्षीण घरट्यातली अंडी पुरेशी झाली की घालायचं थांबते आणि उबवायला बसते. मध्येच अंडं नाहीसं झालं तर तिच्या लेखी ते सापानं खाल्लं, म्हणून ती भर घालते. आपल्याला इथे कोंबडीवाल्याच्या नेमकं उलट हवंय, तिला खुडूक बसू द्यायचंय. (गावाकडे खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीत पीस घालतात. ते कृपया इथे करू नका. ९० ग्रॅमच्या जिवाला तो धक्का झेपणार नाही, आणि मुळात आपल्याला खुडूक मोडायचंही नाही.)

तिसऱ्या खेपेला मी कॅल्शियमच्या मागे लागले. पिंजऱ्यात समुद्रफेण टांगलं, डॉक्टरांना विचारून सिरप आणलं. याचा फायदा झाला, पण वेगळ्या ठिकाणी. अंड्यांची कवचं जाड आणि गुळगुळीत आली. अंडी थांबली मात्र नाहीत, सहा आलीच. कॅल्शियम अंडं सुखरूप बाहेर पडायला मदत करतं, अंडं घालायची इच्छा कमी करत नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी बऱ्याच पक्षीवाल्यांकडे पाहिली आहे.

एका ओळखीच्या बाईंनी पानाला लावायचा चुना पाण्यात टाकून द्यायला सांगितलं होतं. अजिबात देऊ नका. ओला चुना दाहक असतो, चोचीच्या आतली कातडी आणि घसा भाजू शकतो. समुद्रफेण नाही मिळालं तर कोंबडीच्या अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, बारीक कुटून द्या.

चौथी खेप

चौथं अंडं यायच्या दिवशी सकाळी राजा दांडीवर नव्हती. पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होत होती. रात्रीपासून शी केलेली दिसत नव्हती. दांडीवर ठेवलं तर एक पाय नीट पकडत नव्हता. पोटात अडकलेलं अंडं नसांवर दाबलं की पाय असा लुळा पडतो.

ही लक्षणं दिसली तर पुढचं काही वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. निघेपर्यंत पक्ष्याला ऊब द्या: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला, किंवा बाहेरून साधा तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नाही). तिच्याजवळ ३० अंशांच्या आसपास तापमान राहील असं बघा, पण दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल. पोट दाबून अंडं बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. आत फुटलं तर ते जिवावर बेततं. एरंडेल किंवा खोबरेल लावायचा सल्लाही सर्रास मिळतो. त्यानं अंडं सुटत नाही आणि पिसं तेलकट होऊन पक्षी गारठतो.

आणखी एक गोष्ट आजच करा, पक्षी ठणठणीत असतानाच. आसपासच्या दवाखान्यांना फोन करून ‘पक्षी बघता का?’ असं विचारून ठेवा. आमच्या डोंबिवलीतल्या दवाखान्यानं ‘आम्ही कुत्री-मांजरंच बघतो’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. मांडीवर खोका घेऊन भर गर्दीच्या लोकलमधून पुढे जावं लागलं. त्या प्रवासाबद्दल न लिहिलेलंच बरं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उबेत ठेवलं आणि तीन तासांनी अंडं पडलं. कवच मऊ होतं, ओल्या कागदासारखं. मी विचारलं, ‘पुन्हा होऊ नये म्हणून काय देऊ?’ उत्तराऐवजी त्यांनीच प्रश्न केला, ‘तुमच्या हॉलमधला लाइट रात्री किती वाजता बंद होतो?’

साडेअकरा. सासूबाईंच्या मालिका, मग बातम्या, मग मुलाचा अभ्यास. आणि पिंजरा हॉलमध्येच.

खरं कारण

कॉकटील मूळची ऑस्ट्रेलियाची. तिथल्या कोरड्या प्रदेशात पाऊस झाला, गवताला बी धरलं, दिवस मोठे असले आणि एखाद्या झाडात ढोली सापडली की ती अंडी घालते. बाकी वर्षभर घालत नाही. तिचं शरीर खुणांची वाट बघतं: उजेड किती तास, खायला किती, आडोसा आहे का, जोडीदार आहे का.

आता आमचं घर तिच्या डोळ्यांनी बघा. मुंबईच्या पट्ट्यात डिसेंबरात दिवस अकरा तासांचा असतो आणि जूनमधला सगळ्यांत मोठा सव्वातेरा तासांचा. आमच्या हॉलमध्ये सकाळी सहा ते रात्री साडेअकरा, म्हणजे साडेसतरा तास उजेड. बाराही महिने. वाटीत बी कधी कमी पडत नाही. सोफ्याखाली छान काळोखी ढोली. आणि जोडीदारही होता. माझा नवरा.

हसू नका. तो रोज संध्याकाळी तिला खांद्यावर घेऊन पाठीवरून, पंखांखालून हात फिरवायचा आणि ती डोळे मिटून शेपूट वर करायची. आम्हाला वाटायचं, किती लाड करून घेते. पक्ष्यांमध्ये पाठीवरचा आणि पंखांखालचा स्पर्श फक्त जोडीदाराचा असतो. त्यात भर म्हणजे तो तिला बोटावरून गरम वरणभात भरवायचा. पोपटांच्या बऱ्याच जातींत नर मादीला असंच मऊ अन्न भरवून पटवतो. म्हणजे आमच्या घरात वर्षभर वसंत चालू होता आणि तिला दोष देऊन आम्ही अंडी उचलत होतो.

माझं मत आता असं झालंय की हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो कारण आपण अंड्यावर उपचार करतो. अंडं गेलं तरी ऋतू तसाच राहतो, आणि ऋतू आहे तोवर पुढचं अंडं येणारच.

मग काय केलं

पहिल्यांदा अंड्यांचं. चौथ्या खेपेची तीन अंडी तिच्यापाशी ठेवली, मऊ कवचाच्या चौथ्या अंड्याच्या जागी त्याच आकाराचा प्लास्टिकचा मणी. पेन्सिलीनं नंबर टाकले, म्हणजे नवीन पडलं तर कळतं. साधारण तीन आठवडे ती बसते, मग कंटाळून स्वतःच उठते. ती दोन-तीन दिवस अंड्यांकडे फिरकली नाही की सगळी काढून टाका. तुमच्याकडे नर असेल आणि पिल्लं नको असतील तर अंडं पडल्या दिवशीच काढून उकळा, गार करून परत ठेवा. तिला फरक कळत नाही. उबवताना ती एकदम मोठी, घाण वास येणारी शी करते, त्याला घाबरू नका. बसून बसून धरून ठेवलेली असते. दिवसातून दोनदा उठून खाते ना, एवढं मात्र बघा. अंडी आठाच्या पुढे गेली तर मात्र डॉक्टरांना कळवा.

दुसरं, उजेड. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत कटकटीचं. संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसात, तेरा तास काळोख आणि शांतता, चार आठवडे. एका बेडरूमच्या घरात हे सांगायला सोपं आहे. आम्ही पिंजरा बेडरूममध्ये कपाटाच्या आडोशाला नेला, त्यावर काळ्या सुती कापडाचा दुपदरी पडदा शिवला. मागची बाजू उघडी ठेवली, नाहीतर एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होते. गोधडी टाकू नका, त्याच कारणासाठी. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, हा या घरातला ऐतिहासिक त्याग आहे.

मिट्ट काळोखही नको. कॉकटील रात्री दचकून पिंजऱ्यात आपटतात, पंख मोडून घेतात, आणि हे बजीपेक्षा यांच्यात जास्त होतं. पडद्याच्या बाहेर लांब झिरो बल्ब पुरतो. पहिले तीन दिवस राजानं साडेसहाला आत ठेवल्यावर निषेधाच्या शिट्ट्या मारल्या. (हो, मादीही मारते, पण सूर बेताचाच.) चौथ्या दिवशी गप झाली.

तिसरं, ढोल्या बुजवल्या. सोफ्याच्या खाली पुठ्ठे लावले. चपलांच्या रॅकला दार केलं. पिंजऱ्याच्या तळातला वर्तमानपत्राचा कागद जाळीखाली सरकवला, म्हणजे तिला तो फाडून घरटं करता येत नाही. कापडी झोपडी, घंटेसारखा गोल झुला, आरसा, सगळं बाहेर. बजीवाल्यांनो, पिंजऱ्यासोबत दुकानदार जे मडकं देतो ते घरटं आहे, झोपायची खोली नाही. पिल्लं नको असतील तर आजच काढा. त्याशिवाय पिंजऱ्याची जागा आणि दांड्यांची मांडणी दर आठवड्याला बदलली. तिला किंचित अस्वस्थ वाटलं पाहिजे. ज्या घराचं काही ठरलेलं नाही तिथे ती अंडं घालत नाही.

नवऱ्याला सांगणं हे चौथं, आणि ते मला सगळ्यांत जड गेलं. हात फक्त डोक्याला आणि मानेला लावायचा. ती पाठ पुढे करून वाकली, शेपूट उचलली की शांतपणे खाली ठेवून निघून जायचं. ओरडायचं नाही. तो दोन दिवस नाराज होता, ती दोन आठवडे.

खाण्याचं मात्र सांभाळून करा. उपाशी ठेवणं हा उपाय नव्हे. आमची वाटी दिवसभर कांगणी (राळे) आणि सूर्यफुलानं भरलेली असायची. सूर्यफूल बंद केलं, बियांचं मिश्रण सकाळ-संध्याकाळ मोजून, मधल्या वेळी शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, गाजराचा कीस. पालकात ऑक्सलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रोज नको. वरणभात बंद, कोमट आणि मऊ काहीच नाही. बियांवर वाढलेला पक्षी पेलेट्स (पक्ष्यांसाठी तयार मिळणारं दाणेदार खाद्य) लगेच खात नाही, आमच्याकडे सव्वा महिना लागला आणि अजूनही निम्म्या खाली फेकते. रोज सकाळी पहिल्या शीनंतर तिला एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर उभं करते. ८५च्या खाली गेली तर खाणं परत वाढवायचं, असं डॉक्टरांशी ठरवलंय. उलट दोन-तीन दिवसांत वजन भरभर चढलं तर समजायचं, अंड्याची तयारी सुरू आहे.

सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, पिंजऱ्यात, बाल्कनीत, अर्धी सावली ठेवून आणि कोणीतरी शेजारी बसून. कावळे आणि मांजरं वाट बघतच असतात. बंद खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही. कॅल्शियम अंगी लागायला लागणारं ड जीवनसत्त्व ज्या किरणांमुळे तयार होतं, ते काच अडवते.

एवढं सगळं काढून घेतल्यावर पक्ष्यानं दिवसभर करायचं काय, हेही बघावं लागतं. पेरूच्या ओल्या फांद्या धुऊन बांधते, साल सोलण्यात तास जातो. मक्याचं कणीस टांगते. बी वाटीत न देता नारळाच्या करवंटीत, पानांखाली लपवून ठेवते.

इंजेक्शनबद्दल

हार्मोन दाबणारं इंजेक्शन असतं, त्वचेखाली बसवायची गोळीही असते. डॉक्टर गरज पाहून देतात आणि काही पक्ष्यांना ती खरंच लागते, विशेषतः उजेड-आडोसा सुधारूनही अंडी चालूच राहिली तर. राजालाही चौथ्या खेपेनंतर एकदा दिलं. पण त्याचा परिणाम काही आठवडे ते काही महिने टिकतो. त्यातून मिळालेला वेळ घर बदलायला वापरायचा. घर तसंच ठेवून नुसतं इंजेक्शन देत राहिलात तर दर खेपेला पैसे जातील आणि पक्षी पुन्हा तिथेच येईल. अंडनलिका काढायची शस्त्रक्रियाही होते, एवढ्या छोट्या जिवावर ती जोखमीची असते, शेवटचा पर्याय म्हणूनच तिचा विचार करायचा.

आमच्या इथे पावसाळा हा परीक्षेचा काळ निघाला. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली आणि राजा पुन्हा खाली-खाली बसायला लागली, कोपरे हुंगल्यासारखे बघायला लागली. लगेच काळोख तेरा तासांवर नेला, पिंजरा जागेवरून हलवला, फवाऱ्याची अंघोळ आठवड्यातून एकदाच. दहा दिवसांत निवळली.

शेवटचं अंडं पडून आता आठ महिने झाले. वजन ९४. रात्री साडेसात ते सकाळी साडेसात झोप, म्हणजे एक तास सूट मिळाली आहे. परवा मात्र ती वॉशिंग मशीनच्या खालच्या फटीसमोर मान वाकडी करून बराच वेळ उभी होती. तिथे आता दोन विटा लावल्यात.